बाल्डविनचा किल्ला आणि त्याखालची भेग

जॉर्डन नदीच्या काठावर एका पडक्या किल्ल्याची भिंत आहे, नाकासमोर सरळ येते आणि एका जागी तुटते, आणि पुढचा तुकडा चक्क २.१ मीटर बाजूला सुरू होतो. ही लढाईतली मोडतोड नाही, खालची जमीनच सरकलीये.

किल्ला बांधला जेरुसलेमचा क्रूसेडर (म्हणजे धर्मयुद्धासाठी युरोपातून आलेल्या ख्रिस्ती लढवय्यांचा) राजा चौथा बाल्डविन याने. ११७४ मध्ये गादीवर आला तेव्हा वय १३ आणि अंगात कुष्ठरोग. लहानपणी खेळताना पोरं एकमेकांना नखांनी ओरबाडायची, बाकीचे ओरडायचे आणि हा गप्प, त्याचे शिक्षक टायरचे विल्यम यांना आधी वाटलं की पोरगं सोशिक आहे, मग लक्षात आलं की उजवा हात निम्मा बधिर आहे. (कुष्ठरोगाचे जंतू नसांमध्ये घर करतात, म्हणून दुखणंच कळत नाही.) हे वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. त्याच पोराने १६व्या वर्षी माँटगिसार्डच्या लढाईत इजिप्त-सीरियाचा सुलतान सलादिन याच्या फौजेला पळवून लावलं!

पण सीमा उघडीच होती. दमास्कसकडून येणारी फौज जॉर्डन ओलांडायची ती याकोबच्या उतारावर (म्हणजे नदी उथळ असलेल्या जागी), म्हणून ऑक्टोबर ११७८ मध्ये तिथेच किल्ल्याचं काम काढलं. सलादिनने काम थांबवायला आधी ६० हजार आणि मग १ लाख दिनार देऊ केले, बाल्डविन नाही म्हणाला. मग ऑगस्ट ११७९ मध्ये, काम अर्धवट असतानाच, सलादिनच्या माणसांनी भिंतीखाली भुयार खणलं, लाकडी टेकू देऊन ते पेटवले आणि भिंत कोसळली. आठवडाभरात खेळ खल्लास. राजा मदतीला फौज घेऊन निघाला होता, पण उशीर झाला.

आता खरी गंमत. जॉर्डन तिथून वाहते कारण तिथे जमिनीत मोठी भेग आहे, मृत समुद्राची भ्रंशरेषा, आणि तिच्या पूर्वेची अरबी प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) पश्चिमेच्या मानाने वर्षाला साधारण ४-५ मिलिमीटर उत्तरेकडे सरकते. भेगेमुळे खोरं, खोऱ्यामुळे नदी, नदीमुळे सीमा, आणि सीमेवर किल्ला, म्हणजे बाल्डविनने सीमा राखायला जी जागा निवडली ती नेमकी दोन प्लेटांच्या सांध्यावर होती, आणि त्या काळात हे कुणाला कळणार होतं?

भूशास्त्रज्ञांसाठी तर ही भिंत म्हणजे जमिनीवर ठेवलेली पट्टीच. गवंड्याने ती सरळ बांधली होती आणि कधी बांधली तेही पक्कं माहीत आहे, शिवाय पाडल्यावर कुणी डागडुजी केली नाही, त्यामुळे जे सरकलं ते तसंच राहिलं. आणि एकूण २.१ मीटरचा हिशोबही लागतो, कारण त्याच अवशेषांवर नंतर एक मशीद बांधली गेली आणि तिची भिंत फक्त अर्धा मीटर सरकलीये. तेवढं नंतरचं, बहुधा १७५९ च्या भूकंपाचं. उरलेले १.६ मीटर २० मे १२०२ च्या पहाटेच्या भूकंपाचे, बाल्डविन जाऊन तेव्हा १७ वर्षं झाली होती.