पोस्टमॉर्टेममध्ये ‘काहीच सापडलं नाही’ म्हणजे नक्की काय?

जुन्या खुनांच्या गोष्टी ऐकायचं मला व्यसन आहे. पुण्याच्या तळजाई टेकडीवर सकाळी हेडफोन लावून चालणारे सगळेच भक्तिगीतं ऐकत असतात, असं कुणी समजू नये. ऐकण्याची सोय अशी की रक्त दिसत नाही, चेहरे आपले आपण रंगवायचे आणि पायही चालू राहतात. तोटाही आहे. वाचताना शंका आली की डोळा मागच्या ओळीवर जातो. इथे निवेदक तोवर पुढच्या खोलीत शिरलेला असतो. त्यामुळे एक वाक्य हमखास खपून जातं: ‘हे असं विष होतं, की ज्याचा मागमूसही राहत नाही!’ मागे ढोलाचा एक ठोका.

असं विष नसतं. कुणी शोधलं नाही किंवा त्या काळी शोधता येत नव्हतं, एवढंच काय ते खरं.

पुण्याचाच लागू खटला घ्या. नोव्हेंबर १९५६मध्ये मधुमेह असलेली एक सधन विधवा डॉ. अनंत लागू या आपल्या डॉक्टरबरोबर रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाली आणि पहाटे बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात पोहोचली. त्याच दिवशी ती गेली. व्हिसेऱ्यात, म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेल्या आतल्या अवयवांत, विष मिळालं नाही, आणि मधुमेहामुळे आलेला कोमा हे कारण कागदावर आलं. पुढे नातेवाइकांना तिच्या नावाने पत्रं येऊ लागली: मी लग्न केलंय, आता परत येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९मध्ये डॉक्टरची फाशी कायम केली, तीही विषाचं नाव ठरलेलं नसताना, परिस्थितिजन्य पुराव्यावर. तीनपैकी एका न्यायमूर्तींना ते पटलं नव्हतं.

आता कॅलेंडर सहा महिने पुढे न्या. मे १९५७, इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड. केनेथ बार्लो हा रुग्णालयात नर्सचं काम करणारा माणूस; त्याची बायको बाथटबमध्ये मेलेली सापडली. बुडाली म्हणावं, तर डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या आणि काढून ठेवलेले रात्रीचे कपडे घामाने चिंब. डॉक्टरांनी भिंग घेऊन कातडीचा इंच न् इंच तपासला, तेव्हा नितंबांवर सुईच्या बारीक खुणा मिळाल्या. तिथलं मांस कापून त्याचा अर्क उंदरांना टोचला. उंदीर थरथरले, गळून गेले, मेले. रक्तातली साखर उतरवणारं इन्शुलिन जास्त दिल्यावर होतं अगदी तसंच. मांसात अजून सुमारे ८४ युनिट शिल्लक होती. मेलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठतं, आणि त्या आंबट वातावरणात इन्शुलिन लवकर मोडत नाही. म्हणून ते टिकलं.

मग सरळ रक्तातली साखर का नाही मोजली? मोजली होती. हृदयातल्या रक्तात ती चक्क जास्त निघाली! इथेच मला या विषयाची खरी गोडी लागली. माणूस मेला तरी त्याच्या पेशी काही काळ साखर खातच राहतात, त्यामुळे हातापायांच्या रक्तातली साखर उतरते. यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, मात्र मोडत राहतं आणि त्यातून सुटलेली साखर शेजारच्या हृदयाच्या उजव्या कप्प्यात पाझरते. म्हणजे एकाच देहात एका जागी साखर कमी, दुसऱ्या जागी जास्त. म्हणून हल्ली डोळ्यातला काचद्रव, म्हणजे बुबुळामागचा जेलीसारखा पदार्थ, तपासतात. तिथे साखर खूप जास्त निघाली, तर मृत्यूपूर्वीही ती चढलेली होती असं म्हणता येतं; कमी निघाली, तर काहीच सांगता येत नाही, कारण मृत्यूनंतर तिथलीही उतरते.

खरी किल्ली पुढे मिळाली. १९६७च्या सुमारास कळलं, की स्वादुपिंड आधी प्रोइन्शुलिन नावाची एक लांब साखळी बनवतं; तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. ती कापली जाते, तेव्हा ५१ अमिनो आम्लांचं इन्शुलिन वेगळं होतं आणि ३१ अमिनो आम्लांचा मधला तुकडा उरतो: सी-पेप्टाइड. पावती फाडल्यावर पुस्तकात स्थळप्रत राहते, तसा. शरीरात तयार झालेल्या इन्शुलिनच्या प्रत्येक रेणूमागे असा एक तुकडा रक्तात येतो. बाटलीतल्या इन्शुलिनबरोबर तो येत नाही. म्हणजे इन्शुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड नगण्य, तर ते सुईतून आलं. फक्त मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या स्वादुपिंडालाच कामाला लावतात, त्यामुळे त्यांनी साखर पडली तर दोन्ही आकडे एकत्र वर जातात. त्या गोळीचा शोध वेगळा घ्यावा लागतो. शिवाय बार्लोच्या वेळचं इन्शुलिन डुकराचं किंवा गायीचं असे. माणसाच्या इन्शुलिनहून डुकराच्यात एक अमिनो आम्ल वेगळं, गायीच्यात तीन. आजच्या काही इन्शुलिनमध्ये तर ही अदलाबदल मुद्दाम केलेली असते, आणि रेणूंचं वजन मोजणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, ती वजनावरून किंवा रेणूचे तुकडे करून पकडतं.

एवढं सगळं ऐकवायला वेळ नसतो, असं निवेदक म्हणतील. पण शनिवारवाड्यात १७७३ साली झालेल्या नारायणरावांच्या खुनावर बोलताना अमावास्येच्या रात्री ऐकू येणाऱ्या ‘काका, मला वाचवा’ला अख्खी दहा मिनिटं मिळतात. बाजीराव रस्त्यावरच्या रहदारीत तो आवाज नेमका कुणाला ऐकू येतो, देव जाणे. मारेकरी कोण होते, रामशास्त्र्यांनी निवाडा कसा केला, हे राहूनच जातं.

‘व्हिसेरा निगेटिव्ह’ ऐकल्यावर मी गोष्ट थांबवतो, ती बरणीत काय होतं हे पाहायला. विषाच्या संशयात सहसा जठर आणि त्यातलं अन्न, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड असं काढून मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, रक्त वेगळं. त्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं विकर (एन्झाइम) इन्शुलिन कापून टाकतं. आणि सुई टोचलेल्या जागेची कातडी आणि मांस कुणी कापून ठेवलंच नसेल, तर यंत्र कितीही महागडं असो, त्याच्यापुढे शोधायला काही उरलेलंच नसतं.