काउबॉय नेमबाजीतील हलकी काडतुसे

काउबॉय नेमबाजी या अमेरिकी खेळात शॉटगनसाठी वापरली जाणारी, छर्रे व वेग दोन्ही कमी ठेवलेली बारा बोअरची काडतुसे. ती तयारही मिळतात; पण या खेळातले बरेच जण उडवलेली टरफले घरच्या प्रेसवर, म्हणजे काडतुसे भरण्याच्या छोट्या यंत्रावर, पुन्हा भरून ती स्वतः करतात. या पुनर्भरणाला रीलोडिंग म्हणतात. त्यात पैसे वाचतात हे खरे, पण मुख्य कारण ते नव्हे. आपला खांदा, आपली जुनी बंदूक आणि मैदानावरची पोलादी पाटी या तिघांना जुळणारे काडतूस दुकानात मिळेलच असे नाही, म्हणून लोक ते स्वतः भरतात.

हा खेळ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि १९८७ मध्ये त्याची ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’ ही संघटना उभी राहिली. खेळाडू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकी पश्चिमेतला पोशाख करतात, एक टोपणनाव घेतात आणि दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल व एक शॉटगन अशी चार हत्यारे घड्याळ लावून चालवतात. शॉटगन त्या काळच्या धाटणीचीच लागते. टरफले आपोआप न फेकणारी दुनळी चालते, किंवा विंचेस्टरची १८८७ सालची लिव्हरची बंदूक, किंवा १८९७ सालची उघड्या घोड्याची पंप बंदूक. या शेवटच्या दोन्ही जॉन ब्राउनिंग यांच्या रचना आहेत.

फेरी सुरू होते तेव्हा शॉटगन रिकामी आणि उघडी ठेवलेली असते. कमरेच्या पट्ट्यातून काडतुसे ओढायची, एका वेळी फार तर दोन भरायची आणि बार काढायचे. लक्ष्य बहुतेक वेळा आडवी पडणारी पोलादी पाटी असते. ती उभीच राहिली तर पुन्हा भरून पुन्हा मारावे लागते. तशीच सोडली तर एकूण वेळेत ५ सेकंद चढतात. चांगला नेमबाज चारही हत्यारांची पूर्ण फेरी अर्ध्या मिनिटाच्या आत संपवतो, त्यामुळे हे ५ सेकंद जड जातात.

धक्क्याचे गणित

बंदुकीचा धक्का हा संवेगाचा हिशेब आहे. छर्रे पुढे जितका संवेग घेऊन जातात तितकाच बंदूक मागे घेते. ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटले आणि बंदूक ३.२ किलोची असली, तर नुसत्या छर्ऱ्यांपोटी बंदुकीला सुमारे १९.६ जूल ऊर्जा मिळते. छर्रे २५ ग्रॅमवर आणि वेग ३०० मीटरवर आणला की तीच ऊर्जा सुमारे ८.८ जूल होते. वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) आणि दारूचे वायू यांचा वाटा या हिशेबात धरलेला नाही, पण तो धरला तरी चित्र फारसे बदलत नाही. वजन आणि वेग दोन्ही थोडेथोडेच उतरवले, तरी धक्का निम्म्याहून खाली येतो, कारण ही ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

याचा पहिला फायदा वेगाचा. नळीचे तोंड कमी उसळते, म्हणून दुसऱ्या पाटीवर नेम लवकर बसतो. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: सत्तरी ओलांडलेले, खांद्याची शस्त्रक्रिया झालेले, शाळकरी वयाचे आणि किरकोळ अंगाचे खेळाडू हलक्या काडतुसामुळेच दिवसभर मैदानात टिकतात. शंभर वर्षे जुन्या बंदुकीच्या लाकडी दस्त्यालाही ते सोसते.

टरफल, टोपी, दारू, वॅड, छर्रे

बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेमतेम मावेल असा नळीचा व्यास, सुमारे १८.५ मिलिमीटर. काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी बसते (हल्ली ती सर्वत्र ‘२०९’ नावाची असते), तिच्यावर दारू, दारूवर प्लास्टिकचा पेल्यासारखा वॅड, वॅडमध्ये छर्रे. शेवटी टरफलाचे तोंड सहा किंवा आठ घड्यांत मिटवतात. छर्रे सहसा साडेसात किंवा आठ नंबरचे, म्हणजे सव्वादोन ते अडीच मिलिमीटर जाडीचे असतात. नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा; चार नंबरच्या छर्ऱ्याहून जाड छर्रे नियमाने चालत नाहीत. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि छर्रे ठासतात. क्रम तोच, इथे तो टरफलाच्या आत लागतो.

टरफलाची निवड नवख्याला किरकोळ वाटते, पण फेरी तिच्यावरच अडते. दुनळी चालवणारा बंदूक मोडून उघडतो, नळ्या वर उचलतो आणि झटक्यात मागे आणतो. दोन्ही रिकामी टरफले घसरून खांद्यावरून मागे पडतात. गुळगुळीत अंगाचे टरफल सहज निसटते, उभ्या रेघांचे अडखळते. पितळी बूड बारानंतर आकसून पूर्ववत होते, तर स्वस्त काडतुसाचे पोलादी बूड फुगलेलेच राहते आणि नळीतल्या काडतुसाच्या खाचेत रुतते. मग डाव्या हाताच्या नखाने ते उपसत बसावे लागते. म्हणून विंचेस्टर एए आणि रेमिंग्टन एसटीएस या टरफलांना मागणी असते.

किती हलके?

छर्रे कमी केले की टरफलात पोकळी राहते. उंच वॅड घालून ती भरली नाही, तर घड्या आत खचतात आणि दारूला जळताना पुरेसा विरोध मिळत नाही. दाब कमी म्हणजे जळणे अर्धवट. यासाठी हलक्या काडतुसात लवकर जळणारी दारू वापरतात. रेड डॉट आणि क्लेज ही त्यातली परिचित नावे. दारू आधीच जेमतेम जळणारे काडतूस कडाक्याच्या थंडीत आणखी मंदावते.

असा फसलेला बार कानाला ओळखू येतो. खणखणीत आवाजाऐवजी ‘भप्’ असा पोकळ आवाज येतो आणि नळीत न जळलेल्या दारूचे कण दिसतात. त्या वेळी थांबायलाच हवे. वॅड नळीत अडकलेला असू शकतो, आणि त्यामागून दुसरा बार निघाला तर नळी फुटते. बंदूक उघडून, रिकामी करून, नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचे काडतूस घालू नये. फेरी गेली तर जाऊ द्यावी.

दुसऱ्या टोकाचा धोका दुहेरी दारूचा. अमेरिकी मानकानुसार बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाचा कमाल सरासरी दाब चौरस इंचाला ११,५०० पौंड आहे, रायफलीच्या मानाने फारच थोडा, आणि लवकर जळणारी दारू ती मर्यादा झपाट्याने ओलांडते. प्रेसवरची मापाच्या भोकाची पट्टी दारू आकारमानाने मोजते, वजनाने नाही. हात जोरात चालला, टेबल हादरले, की त्याच भोकात दारू जास्त दाबून बसते. म्हणून जाणते लोक दर थोड्या काडतुसांनंतर एक माप काट्यावर टाकून पाहतात. टरफल, टोपी, दारू, वॅड व छर्ऱ्यांचे वजन हा संच दारूच्या कंपनीने तपासून छापलेला असतो. त्यातला एक घटक बदलला तरी दाब बदलतो. अंदाजाने दारू कमी करणेही तितकेच चुकीचे. वापरलेल्या टोप्यांची राख आणि छर्रे यांत शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात धुणे आलेच.

काही खेळाडू बिनधुराच्या दारूऐवजी जुनी काळी दारू वापरतात. त्यांचा पारंपरिक ठोकताळा म्हणजे दारू आणि छर्रे सारख्याच आकारमानाचे. हा ठोकताळा फक्त काळ्या दारूचा. बिनधुराची दारू अशी मापली तर बंदूक फुटेल. काळ्या दारूच्या उष्णतेने प्लास्टिकचा वॅड वितळून नळीला चिकटतो, म्हणून पुठ्ठा आणि नमद्याचे वॅड पसंत करतात.

कायदा आणि भारत

अमेरिकेच्या संघीय कायद्यात स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची तर लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे हा घरगुती छंद इथे रुजलेला नाही. भारतीय परवानाधारकाचे बारा बोअरचे काडतूस कारखान्यातून येते, आणि त्यातले सर्वांत ओळखीचे नाव महाराष्ट्रातलेच आहे: पुण्याजवळच्या खडकीचा, १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना. त्याच्या काडतुसांच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे किरकी या खडकीच्या इंग्रजी अमदानीतल्या नावावरून आली आहेत.