जुलैतला संघ, डिसेंबरातला संघ

कॉलेजच्या फुटबॉल संघाला म्हातारपण नसतं. क्लबाला चांगला मिडफिल्डर सापडला तर तो दहा वर्षं पुरतो. कॉलेजला तो तीन वर्षं मिळतो, फार तर चार. दर जूनला शेवटच्या वर्षाची पोरं निघून जातात, बारावीतून नवी येतात आणि जिमखान्याच्या फलकावर निवड चाचणीची नोटीस लागते. तोवर गोव्यात पावसाने ठाण मांडलेलं असतं आणि मैदानावर पेनल्टी बॉक्सच्या जागी तळं झालेलं असतं.

येणारी पोरं कोरी नसतात. फुटबॉल गोव्यात १८८३ साली शिवोलीत विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश पाद्रींबरोबर आला असं मानतात. २०१२ पासून तो राज्याचा अधिकृत खेळ आहे. भातकापणी झाली की मोकळ्या शेतात गोलचे खांब उभे राहणारा हा मुलूख. पेडण्याचा किंवा डिचोलीचा अठरा वर्षांचा पोरगा कॉलेजात येतो तेव्हा गावच्या संघातून काही वर्षं खेळून आलेला असतो. चेंडू थांबवणं, मारणं, हेडर हे त्याला कुणी नव्याने शिकवायचं नसतं. तरीही जुलैतला संघ आणि डिसेंबरातला संघ यांत फरक पडतो. पोरं तीच, मैदान तेच. मग मधल्या काळात वाढतं काय?

बरंच काही वाढतं, पण प्रत्येक गोष्ट आपापल्या चालीने. रक्त आठवड्यात बदलतं, स्नायूंना महिने लागतात, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना त्याहून जास्त. नजर तयार व्हायला हंगाम जातो. आणि पोरांची एकमेकांबद्दलची समज बराच काळ जागची हलत नाही, मग एकाएकी उडी मारते. एका गोष्टीचा वेग पाहून दुसरीचा अंदाज बांधायला गेलं की प्रशिक्षक फसतो, असं माझं मत आहे.

रक्ताचं आधी पाहू. रोजचा सराव सुरू झाला की पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत शरीर रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढवतं. तांबड्या पेशी वाढायला कित्येक आठवडे लागतात, पण पाणी धरून ठेवणं शरीराला लगेच जमतं. रक्ताचं आकारमान वाढलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं आणि तेवढ्याच धावण्याला ठोके कमी लागतात. ‘सर, दम वाढलाय’ असं पोरं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सांगतात, त्यात तथ्य असतं. मात्र हा दम झटपट येतो तसा झटपट ओसरतोही. चवथीच्या सुट्टीत नेवऱ्या खाऊन परतलेला संघ पहिल्या संध्याकाळी धापा टाकतो, त्याचं कारण बहुतेक हेच.

पाऊस ओसरला की खरी परीक्षा हवेची. ऑक्टोबरात गोव्याचा पारा विदर्भाच्या मे महिन्याच्या जवळपासही नसतो, पण हवा बाष्पाने भरलेली असते. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. तोच घाम वाफ न होता कोपरावरून ठिबकत राहिला, तर शरीरातलं पाणी गेलं, मीठही गेलं आणि उष्णता मात्र आतच राहिली. म्हणून फिफा नुसतं तापमान बघत नाही. ऊन, वारा आणि आर्द्रता एकत्र धरणारं ‘वेट बल्ब ग्लोब’ तापमान मोजतात आणि ते ३२ अंशांच्या वर गेलं की सामन्यात पाण्यासाठी खेळ थांबवतात. म्हापशाच्या दुलेर स्टेडियमसारखं कृत्रिम गवत असलं तर दुपारी पायाखालून आणखी भर पडते, कारण ते पातं खऱ्या गवतासारखं पाणी सोडून स्वतःला निववत नाही.

या हवेशी शरीर जुळवून घेतं, पण त्याला साधारण दहा-चौदा दिवस त्याच हवेत धावावं लागतं. मग घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पहाटे साडेपाचला गारव्यात सराव करून दुपारी तीनचा सामना खेळणाऱ्या संघाने ही सवय कमावलेलीच नसते. अर्थात वर्ग बुडवून दुपारी सराव कोण करू देणार, हा वेगळा प्रश्न!

स्नायूंची गोष्ट अधिक फसवी आहे. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत पोरगा जास्त वजन उचलू लागतो, तेव्हा स्नायू फारसा वाढलेला नसतो. मेंदू आणि मज्जारज्जू आहे त्याच स्नायूला अधिक चांगलं वापरायला शिकलेले असतात. प्रत्यक्ष स्नायू नंतर भरतो. आणि कंडरा, विशेषतः टाचेवरची, सगळ्यात मागे राहतात, कारण त्यांच्यातली जुळणी फार हळू बदलते. म्हणजे हंगामाच्या मध्यावर असा एक काळ येतो, जेव्हा इंजिन वाढलेलं असतं आणि सांधे जुनेच असतात. मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग धरला म्हणून खेळाडू लंगडत बाहेर येतो तो बऱ्याचदा या दिवसांत. यावर एक स्वस्त उपाय आहे: गुडघ्यांवर बसायचं, साथीदाराने घोटे दाबून धरायचे आणि पाठ सरळ ठेवून शक्य तितकं सावकाश पुढे झुकायचं. या नॉर्डिक व्यायामावरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आलेल्या दिसल्या. उपकरण लागत नाही, पैसा लागत नाही. पण कंटाळवाणा आहे आणि सुरुवातीला दुखतो, म्हणून पोरं टाळतात.

गोव्यातल्या कॉलेज संघाची खास अडचण वेगळीच. पोरगा कॉलेजचा असतो, क्लबाचा असतो आणि गावचाही असतो. रविवारी आंतरग्राम स्पर्धेचा उपांत्य सामना, मंगळवारी कॉलेजचा. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी सामन्यानंतर खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म नमुने काढून तपासले होते (२००६). शेवटच्या शिट्टीपर्यंत जवळपास निम्म्या स्नायुतंतूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपलेलं किंवा संपत आलेलं होतं. हा साठा पूर्ण भरायला दोन ते तीन दिवस लागतात, तेही पोटभर भात-पोळी मिळाली तर. रविवारी खेळलेला पोरगा मंगळवारी आळशी दिसतो तेव्हा तो आळशी नसतो. कॉलेजच्या सरांनी क्लबाच्या प्रशिक्षकाला एक फोन केला तर निम्मं काम होईल. पण तिथे मानापमान आडवे येतात. सामन्यानंतर तासाभरात मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज प्यायला द्यावी, हे मात्र मी ठामपणे सांगेन. पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही एका वाटीत मिळतं, आणि ते महागड्या रंगीत बाटल्यांपेक्षा उणं नाही.

शरीराचं एवढं पुरे. सराव पाहून संघ किती शिकला हे ठरवता येतं का? १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोघांनी एक साधा प्रयोग केला. हातात टेनिसचा चेंडू घेऊन लाकडी फळ्या ठरावीक क्रमाने पाडायच्या, असे तीन क्रम. काहींनी एक क्रम घोटून झाल्यावर दुसरा घेतला. काहींना तिन्ही उलटसुलट मिसळून दिले. सरावात पहिला गट चटपटीत ठरला. दहा दिवसांनी पुन्हा पाहिलं तर मिसळून शिकलेल्यांना जास्त आठवत होतं. शंकूंमधून चेंडू नेण्याची सुबक रांग बघायला छान दिसते, प्राचार्य पाहायला आले तर फारच छान. पण चार विरुद्ध चार असा छोट्या जागेतला, चुकांनी भरलेला खेळ सामन्यात अधिक उपयोगी पडतो. डोळ्यांना जी प्रगती दिसते ती पुष्कळदा त्या संध्याकाळपुरती असते.

सामन्यात लागते ती नजर. नॉर्वेचे संशोधक गेअर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचं चित्रण तपासलं. पास पायाशी येण्याआधी कोण किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतो, एवढंच मोजलं. जास्त वेळा बघणाऱ्यांचे पुढचे पास जास्त प्रमाणात अचूक होते. पहिल्या वर्षाचा पोरगा चेंडूकडे बघतो. तिसऱ्या वर्षाचा चेंडू येण्याआधीच मैदान बघून ठेवतो. म्हणूनच गोव्याच्या मैदानांवर ऐकू येणारी ‘टायम आसा, टायम आसा!’ (वेळ आहे, वेळ आहे) ही ओरड फार मोलाची. ज्याला मागे बघायला वेळ मिळाला नाही, त्याला सोबत्याने आपले डोळे उसने दिलेले असतात. जुलैत मैदान मुकं असतं. ऑक्टोबरात बोलू लागतं, आणि मला तरी संघ तयार होतोय याची ती सगळ्यात भरवशाची खूण वाटते.

गोलीचं, म्हणजे गोलरक्षकाचं, काम तर सगळंच आगाऊ बघण्याचं. पेनल्टीचा चेंडू ताशी शंभर किलोमीटर वेगाने मारला तर अकरा मीटर यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. चेंडू सुटल्यावर ठरवून उडी मारायला एवढा वेळ पुरत नाही. मारणाऱ्याचा रोवलेला पाय आणि कंबर यांवरून दिशा आधीच वाचावी लागते. हे वाचन शेकडो फटके खाऊनच येतं. गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी देशाचं कर्णधारपद गोलमध्ये उभं राहून सांभाळलं. त्यांच्या पायरीला जाण्याची गरज नाही, पण पहिल्या वर्षाच्या गोलीला तीन सामन्यांत पाच सोपे गोल बसले म्हणून बाकावर बसवणं म्हणजे त्याची शाळाच बंद करणं.

आता अकरा जणांच्या मधल्या जागेकडे येऊ. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली. निष्कर्ष १९१३ साली छापून आले. आठ जणांनी मिळून ओढलं तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला एकट्याने ओढण्याच्या जेमतेम निम्मं बळ आलं. पुढे १९७४ मध्ये इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. डोळे बांधलेल्या माणसाला सांगितलं की मागे आणखी लोक ओढताहेत; प्रत्यक्षात कुणीच ओढत नव्हतं. तरी त्याचा जोर कमी झाला. म्हणजे घट दोन प्रकारची: एक, वेळ आणि दिशा न जुळल्याची, दुसरी, ‘बाकीचे आहेत की’ या भावनेची. पहिली सरावाने कमी होते. दुसरी कमी होते ती प्रत्येकाचं काम वेगळं ओळखू येऊ लागलं की. ‘सगळ्यांनी डिफेन्सला या’ या सूचनेने कुणीच येत नाही. ‘कॉर्नरला जवळचा खांब तुझा’ असं नाव घेऊन सांगितलं तर येतो.

कॉलेज संघात बहुधा एक पोरगा असतो जो मोठ्या क्लबाच्या युवा संघातून खेळतो. साहजिकच सगळे चेंडू त्याच्याकडे. थॉमस ग्रुंड यांनी प्रीमियर लीगच्या दोन हंगामांतले ७६० सामने घेऊन कुणी कुणाला पास दिला याची जाळी तयार केली (२०१२). पास दाट आणि सर्वांत वाटलेले असले तर गोल जास्त. जाळं एका-दोघांभोवती गुंडाळलेलं असलं तर कमी. हंगामाच्या सुरुवातीला तारा-खेळाडूभोवती फिरणारा संघ जिंकतोही. पण समोरच्याने त्याला दोन माणसं लावली की संपलं.

हे जाळं पसरतं कधी? व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत हमखास ऐकू येणारं टकमन यांचं १९६५ चं सूत्र सांगतं की गट आधी जुळतो, मग भांडतो, मग नियम ठरतात, मग काम होतं. ऐकायला बरं वाटतं, पण टकमन यांनी मुख्यतः मानसोपचार आणि प्रशिक्षण गटांवरचे लेख चाळले होते. त्यात घाम गाळणारं कुणी नव्हतं. मला कॉनी गर्सिक यांचं १९८८ चं निरीक्षण जास्त पटतं. त्यांनी ठरावीक मुदतीत काम करणारे आठ गट पाहिले, काही जेमतेम आठवड्याचे, काही महिनोन् महिने चाललेले. सगळेच पहिल्या बैठकीत पडलेल्या वळणाने निम्मा वेळ जात राहिले आणि मुदतीच्या साधारण मध्यावर त्यांनी एकदम पद्धत बदलली. तेही फुटबॉल संघ नव्हते, हे खरं. तरी कॉलेज मैदानावर उभं राहून पाहिलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल: सप्टेंबरभर काही हलत नाही, आणि मग एखादी चिखलातली हार, थोडी शिवीगाळ, आणि पुढच्या आठवड्यात उजवा बॅक न सांगता धाव काढतो आणि चेंडू तिथे येतो.

निकालात मात्र हे दिसेलच असं नाही. फुटबॉलमध्ये गोल थोडे पडतात, त्यामुळे नशिबाचा वाटा मोठा. बऱ्याच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. समजा करंडकासाठी सलग चार सामने जिंकायचे आहेत. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५० टक्के असली तर करंडकाची शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास. खूप मेहनत करून ती सामन्यागणिक ६० टक्क्यांवर नेली, तर करंडकाची होते सुमारे १३ टक्के. दुप्पट झाली खरी, पण असा सुधारलेला संघही शंभरातल्या ८७ वर्षी करंडकाविना घरी येणार.

तेव्हा मोजायचंच असेल तर राखीव खेळाडूच्या हातात वही द्या. अकरा खेळाडूंच्या ५५ जोड्या होतात. अर्ध्या तासात किती जोड्यांमध्ये एकही पास गेला नाही, तेवढं लिहायला सांगा; जुलैत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा. गोली आणि डाव्या विंगरची जोडी रिकामी राहिली तर काही बिघडत नाही. दोन सेंटर मिडफिल्डरांची रिकामी राहिली, तर सरांनी त्या संध्याकाळी घरी जायची घाई करू नये.