एमजीबी : बाह्यरूपातील बदल

एमजीबी ही ब्रिटनच्या एमजी कंपनीची स्पोर्ट्‌स कार. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे एमजी हे नाव आता हालोलच्या कारखान्यातल्या एसयूव्हींमुळे घरोघरी पोहोचले आहे. ही गाडी त्या मानाने फार जुनी. तिचे रूप बदलण्याचा छंद ब्रिटन आणि अमेरिकेत अनेक दशके टिकून आहे. गाड्या मुबलक आहेत, सुटे भाग आजही नवे मिळतात आणि मुख्य म्हणजे कंपनीने स्वतःच तिचा चेहरा वारंवार बदलला. त्यामुळे बहुतेक मालक नवे काही करत नाहीत, कंपनीने केलेला एखादा बदल उलटा फिरवतात.

एमजीचे मुख्य अभियंते सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली आखलेले मूळ रूप साधे होते. रुंद आणि बुटकी, उभ्या पट्ट्यांची क्रोम ग्रिल. मडगार्डात किंचित आत बसवलेले हेडलाइट. पुढून मागपर्यंत गेलेली क्रोमची बारीक पट्टी. आणि दोन्ही टोकांना नाजूक क्रोम बंपर. १९६५ मध्ये आलेल्या जीटी या बंद छपराच्या गाडीला इटलीच्या पिनिनफारिना या डिझाइन कंपनीचा हात लागला होता. १९६९ च्या अखेरीस ग्रिल काळी झाली आणि आत ढकलली गेली. ती अनेकांना रुचली नाही. १९७२ च्या शरदात क्रोमची चौकट परत आली आणि तिच्या आत मधाच्या पोळ्यासारखी काळी जाळी बसली. पुढच्या गाड्यांना आधीची ग्रिल लावणे हा आजही सर्वांत स्वस्त बदल आहे आणि फरक लगेच नजरेत भरतो.

खरी उलथापालथ १९७४ च्या सप्टेंबरात झाली. ताशी आठ किलोमीटर वेगाने धडक बसली तरी दिवे आणि इतर महत्त्वाचे भाग शाबूत राहिले पाहिजेत, असा अमेरिकेचा नियम होता आणि एमजीबीचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिकाच होता. त्यामुळे क्रोमच्या जागी काळे जाड बंपर आले. त्यांना सगळे ‘रबर बंपर’ म्हणतात, पण आत पोलादी सांगाडा आणि वरून पॉलियुरेथेन असते. बंपर ठरलेल्या उंचीवर यावा म्हणून अख्खी गाडी सुमारे दीड इंच उचलण्यात आली. नव्याने आखणी करायला एमजीची तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश लेलँड हिच्यापाशी पैसा नव्हता. या दीड इंचाची मोठी किंमत मोजावी लागली: चाकाच्या कमानीत पोकळी दिसू लागली आणि वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली.

म्हणूनच रबर बंपर काढून क्रोम बसवणे हा एमजीबीच्या छंदातला सर्वांत प्रसिद्ध बदल ठरला. तो नुसत्या नट-बोल्टांवर भागत नाही. रबर बंपरच्या गाडीत पुढचे इंडिकेटर बंपरमध्येच असतात, तर क्रोमच्या गाडीत ते हेडलाइटखाली मडगार्डावर. त्यामुळे एक तर जुन्या घडणीची पुढची मडगार्डे आणावी लागतात, नाहीतर आहेत त्याच पत्र्यात दिव्यांची जागा कापून बसवावी लागते. बंपरखाली झाकणारा पुढचा पत्राही वेगळा लागतो. मागे अडचण आणखी चिवट आहे. जाड बंपरची टोके काढली की मागच्या मडगार्डांचे खालचे कोपरे अर्धवट राहतात. तिथे छोटे त्रिकोणी तुकडे वेल्ड करायचे, घासून सपाट करायचे, वर लांबीचा (पुटीचा) पातळ थर आणि प्रायमर मारायचा. हे काम लांबीच्या जाड थरावर भागवले, तर वर्षा-दोन वर्षांत कोपऱ्यातून गंजाचे फोड वर येतात. जुळवणी नीट झाली की नाही, हे ओळखणारा माणूस आधी नेमका तोच कोपरा पाहतो.

उंची तशीच ठेवून क्रोम लावला, तर गाडी पायजमा आखूड झाल्यासारखी दिसते. त्यामुळे जाणकार आधी गाडी खाली बसवतात आणि मग बंपरला हात घालतात. पुढे आखूड स्प्रिंग चालतात. मागे पाट्यांच्या स्प्रिंग आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालतात किंवा पाट्यांचा बाक कमी करून घेतात. पुढचा आडवा सांगाडा क्रोम काळातला लावायचा, तर स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन जुळत नाही, म्हणून त्या वाटेने जाणारे कमी.

चाकांच्या बाबतीत पर्याय तीन. स्पोकची चाके, १९६९ नंतरची दाबीव पोलादाची रोस्टाइल, आणि शर्यतीच्या वळणाची मिनिलाइट. स्पोकची मोहिनी मोठी, पण त्यासाठी दातेरी हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) लागतो आणि स्पोकच्या चाकांच्या गाडीचा मागचा ॲक्सल मुळातच थोडा अरुंद असतो. साध्या ॲक्सलवर जोड हब लावून काम उरकले, तर चाक बाहेर सरकते आणि खड्ड्यात टायर कमानीला घासतो. मधला दोन कानांचा नट तांब्याच्या डोक्याच्या हातोडीने ठोकून आवळतात. डाव्या आणि उजव्या बाजूंचे आटे उलटे असतात. काही देशांत सुरक्षेच्या नियमांमुळे हे कान गेले आणि अष्टकोनी नट आला.

याउलट वाट धरणारेही आहेत. अमेरिकेतल्या सीब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत धावलेल्या गाड्यांवरून फुगीर कमानी आणि खोल नाक यांची फायबरग्लासची किट निघाली. ती लावताना बंपर आणि क्रोम पट्ट्या काढून टाकतात आणि पट्टीची भोके कायमची बुजवतात. कंपनीच्या वारसदारांनीही हे केले. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साच्यांतून एमजीबीचे नवे सांगाडे बनवायला सुरुवात केली. त्याच पायावर रुंद मडगार्डांची आणि रंगीत बंपरांची एमजी आरव्ही८ ही गाडी १९९२ मध्ये आली. अशा सुमारे २,००० गाड्या झाल्या आणि बहुसंख्य जपानला गेल्या.

रंगाचा निर्णय सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त फसवतो. ब्रिटिश रेसिंग ग्रीन बहुतेकांना हवा असतो, पण सत्तरच्या दशकातल्या गाड्या हार्वेस्ट गोल्ड, ब्लेझ किंवा टील ब्लू अशा धीट रंगांत निघत आणि त्या काळ्या बंपरला शोभतही. गाडी मुळात कोणत्या रंगात निघाली होती, हे गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या नोंदींवरून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात कळते. पत्रा उघडा करण्याआधी ते मागवून घ्यावे. रंग बदलायचाच असेल, तर दारांच्या कडा, डिकीचा आतला भाग आणि इंजिनाची खोली यांसह बदलावा. दार उघडताच जुना रंग दिसला, तर बाहेरचे सगळे काम उघडे पडते.

मूळ रूप जपावे की बदलावे, या वादात रबर बंपरची बाजू पूर्वीइतकी पडती राहिलेली नाही. उन्हाने राखाडी पडलेले बंपर स्वच्छ करून पुन्हा काळे केले, गाडी थोडी खाली बसवली आणि बाकी काही केले नाही, तरी ती देखणी दिसते. गंजरहित, अबाधित रबर बंपर गाडी हाती आली, तर तिचे मडगार्ड कापू नये. क्रोमचा घाट आधीच पत्रा सडलेल्या आणि नाहीतरी वेल्डिंगला जाणाऱ्या गाडीवर घालावा.

भारतात अशी गाडी असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाजोगते बदल करता येत नाहीत आणि रंग बदलला तर त्याची नोंद आरसीवर व्हावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. पहिल्या रबर बंपर गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे, म्हणून मडगार्डाला कटर लावण्यापूर्वी आरटीओत विचारपूस करणे शहाणपणाचे.