गुलमर्गचा बर्फ आणि शून्य अंशाची रेघ

ऑक्टोबर लागला की बातमी ठरलेली: ‘यंदा ला निना, हाडं गोठवणारी थंडी, हिमालयात विक्रमी बर्फ!’ ती वाचून पुण्या-नाशिकची मंडळी गुलमर्गची तिकिटं काढतात. ज्यांना स्कीइंग शिकायचंय ते तर जानेवारीचा पहिला आठवडाच धरून बसतात. पण या बातमीत थंडी आणि बर्फ एकाच दाव्याला बांधलेत. कोरड्या, निरभ्र थंडीत दल सरोवराच्या कडा गोठतात, घरातले नळ फुटतात, आणि स्कीच्या उतारावर मात्र पिवळं गवत दिसत राहतं. बर्फासाठी आधी आकाशातून पाणी उतरावं लागतं.

काश्मीरला हिवाळ्यात ते पाणी पश्चिमी झंझावात देतात. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराच्या वाऱ्याचा एक पट्टा वाहतो. हे झंझावात म्हणजे त्यात पडलेले बाक, आणि ते भूमध्य समुद्राच्या बाजूने सरकत चार-पाच दिवसांत आपल्याकडे पोचतात. वाटेत भूमध्य, कास्पियन आणि शेवटी अरबी समुद्राचं बाष्प मिळतं, आणि पीर पंजाल डोंगररांगेच्या भिंतीवर ते उचललं गेलं की काम होतं. याच झंझावाताचा बाक खूप दक्षिणेला उतरला आणि त्याची दमट वाऱ्यांशी गाठ पडली, तर गारपीट महाराष्ट्रात, आपल्या दारात येते. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये द्राक्ष-गव्हाची जी दैना झाली, ती शेतकरी अजून विसरलेले नाहीत.

आता ला निनाचं बघू. विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा गार झाला की ला निना, तापला की एल निनो. पश्चिम हिमालयातला हिवाळी बर्फ आणि प्रशांत महासागराचं तापमान यांचा जो संबंध संशोधकांना सापडलाय, तो बातमीच्या बरोबर उलटा आहे. एल निनोच्या हिवाळ्यात वाऱ्याचा तो पट्टा थोडा दक्षिणेला सरकतो आणि सरासरी बघता बर्फ जास्त पडतो. ला निनात कल कमी बर्फाकडे. पण हा फक्त कल आहे. 2023-24 चा हिवाळा चांगल्या दणकट एल निनोचा होता, तरी जानेवारी 2024 मध्ये उघड्याबोडक्या गुलमर्गचे फोटो देशभर फिरले. बर्फ आला तो महिना सरता सरता आणि मग फेब्रुवारीत. पुढच्या हिवाळ्यात दुबळी ला निना होती. तेव्हा फेब्रुवारी 2025 मधल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. हंगामाचा बराचसा बर्फ मोजक्या मोठ्या झंझावातांतून येतो. त्यातले दोन जरी शंभर-दोनशे किलोमीटर उत्तरेने निघून गेले, तरी सगळी सरासरी कोलमडते. आपल्या पंचांगात मृगाचं वाहन बेडूक की उंदीर यावरून पाऊस ठरवतात, त्याला हसणारे लोक मोबाइलवरच्या ॲपमध्ये पंचेचाळीस दिवसांनंतरच्या मंगळवारी किती सेंटिमीटर बर्फ पडणार ते निमूट वाचतात. मला त्या दोन्हींत फारसा फरक दिसत नाही.

माझ्या मते खरी मजा पुढे आहे. समजा, झंझावात आला. मग पडणार काय, बर्फ की पाऊस? हे ठरतं वातावरणातल्या शून्य अंशाच्या रेघेवर, म्हणजे हवेचं तापमान ज्या उंचीवर शून्याला पोचतं तिच्यावर. या रेघेच्या वर हिमकण सुखरूप असतात आणि खाली ते वितळू लागतात, पण वितळायला वेळ लागत असल्यामुळे साधारण दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ टिकतो. उंची किलोमीटरभर वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटतं. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आणि शेजारच्या अफरवत शिखरावरचं गंडोलाचं (रोपवेचं) वरचं स्थानक सुमारे 3,950 मीटरवर, म्हणजे दोन टोकांत आठ अंशांहून जास्त फरक. खाली छत्री आणि वर भुसभुशीत बर्फ, असं एकाच दिवशी घडू शकतं. तापमान एका अंशाने वाढलं तर रेघ दीडशे मीटर वर सरकते, आणि तापत्या जगात आधी मार खातात ते खालचे उतार.

पण ही रेघ एका जागी थांबत नाही, पडणारा बर्फच तिला खाली ओढतो! हवा कोरडी असेल तर हिमकणांवरून आणि थेंबांवरून बाष्प उडतं आणि हवा गार होते. माठातलं पाणी गार होतं तसंच. म्हणून तापमापक दोन अंश दाखवत असतानाही बर्फ पडू शकतो. ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक काय दाखवेल, हे तिथे जास्त महत्त्वाचं. हवा दमट झाली की हा मार्ग बंद होतो आणि दुसरा सुरू होतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात, हे शाळेत पाठ केलेलं असतं. या कॅलरी आजूबाजूच्या हवेतूनच जातात. एका चौरस मीटरवर 10 मिलिमीटर पाण्याइतका, म्हणजे 10 किलो बर्फ वितळला तर 800 किलोकॅलरी गेल्या. 500 मीटर जाडीच्या हवेच्या थराचं त्याच चौरस मीटरवरचं वजन सुमारे 450 ते 500 किलो, आणि ती हवा एक अंशाने गार करायला जेमतेम 110 ते 120 किलोकॅलरी पुरतात. भागाकार केला तर उत्तर येतं सहा-सात अंश! प्रत्यक्षात एवढी घट होत नाही, कारण थोडं बाष्प पुन्हा थेंबांत उतरून उष्णता परत देतं आणि वारा नवी उबदार हवा आणतो. पण वारा पडलेला असेल, दरी डोंगरांनी वेढलेली असेल आणि पाऊस जोरदार असेल, तर रेघ तासातासाला खाली येते आणि दुपारचा पाऊस रात्री बर्फ होतो. हलक्या पावसात हे जमत नाही, कारण वितळायला पुरेसा मालच नसतो. नुसतं ‘किमान तापमान उणे दोन’ वाचणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

तर येत्या हंगामाचं काय? पैज लावायचीच तर मी जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारी संपेपर्यंतच्या काळावर लावीन, आणि तीही अफरवतच्या वरच्या उतारांवर. खालच्या, शिकाऊंच्या उतारांची मला एवढी खात्री नाही. लवकर पडलेल्या बर्फावरही फार हुरळून जाऊ नये. नोव्हेंबरचा पातळ थर महिनाभर निरभ्र थंडीत पडून राहिला की त्याचे दाणे साखरेसारखे सुटे होतात, आणि त्यावर जड नवा बर्फ बसला की हिमस्खलनाची तयारी पूर्ण होते. फेब्रुवारी 2024 मध्ये भरपूर बर्फ पडल्यानंतर गुलमर्गच्या वरच्या भागात अशाच एका स्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला.

हवामान खातं डिसेंबर ते फेब्रुवारीचा जो अंदाज देतं, त्यात सरासरीहून जास्त की कमी याच्या शक्यता असतात. तारीख नसते आणि ती मागूही नये. तारखेसाठी पाच-सहा दिवस आधी बघायचं: भूमध्य समुद्राकडे झंझावात उठलाय का आणि शून्य अंशाची रेघ किती मीटरवर आहे. आकडा 2,500 च्या खाली असेल तर गुलमर्गला बर्फ, 3,000 च्या वर असेल तर रेनकोट. तिकीट मात्र रद्द करता येण्याजोगंच काढा, मग विमान कंपनीने चार पैसे जास्त घेतले तरी चालेल.