बाटलीतली तपकिरी चांदी: दातांसाठीच्या नॅनोकणांविषयी आमच्या ग्राहकांना

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये कडुनिंब, तुळस आणि पेरूच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण तयार होतात. ते घेणारे बहुतेक जण नेरूळ, बेलापूर, खारघरच्या डेंटल कॉलेजांतले पदव्युत्तर विद्यार्थी किंवा दातांचे साहित्य बनवणारे कारखानदार आहेत. हल्ली मात्र घरूनही फोन येतात: “दाढ किडलीय, तुमचं चांदीचं पाणी चूळ भरायला मिळेल का?”

घरच्या वापरासाठी आम्ही ते देत नाही. का, ते पुढे येईलच. आधी बाटलीत काय आहे ते पाहू.

पाने धुऊन, सावलीत वाळवून डिस्टिल्ड पाण्यात उकळायची आणि अर्क गाळून घ्यायचा. तो सिल्व्हर नायट्रेटच्या अगदी पातळ द्रावणात घातला की फिकट पिवळे द्रावण हळूहळू गडद होत चहाच्या कोऱ्या अर्कासारखे तपकिरी होते. पानांतली पॉलिफिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड द्रव्ये चांदीच्या आयनांचे (विद्युतभार असलेल्या अणूंचे) धातूत रूपांतर करतात आणि तयार झालेल्या कणांभोवती आवरण धरतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. या पद्धतीत सोडियम बोरोहायड्राइडसारखे तीव्र रसायन लागत नाही. कणांचा आकार १ ते १०० नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

वनस्पतीच्या पद्धतीत एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पाडव्याला आपण खातो ती कडुनिंबाची कोवळी पालवी आणि पावसाळ्यानंतरची जून पाने यांचा अर्क सारखा नसतो, म्हणून कणही सारखे निघत नाहीत. यासाठी प्रत्येक बॅचचा वर्णपट, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते त्याचा आलेख, सोबत देतो. त्याचे शिखर साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात हवे. ते सरकून पसरट झाले असेल, द्रावण करडे दिसत असेल किंवा तळाशी गाळ बसला असेल, तर कणांचे गठ्ठे झाले आहेत. ती बाटली प्रयोगाला घेऊ नका, आम्ही बदलून देऊ.

आणि कृपा करून नळाच्या पाण्याने पातळ करू नका. मोरबे धरणाचे पाणी प्यायला उत्तम, पण कोणत्याही नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे हे कण एकत्र येऊन बसतात. लाळेतही क्लोराइड असते, शिवाय प्रथिने असतात. प्रयोगशाळेतल्या बशीत मिळालेला निकाल तोंडात तसाच मिळेल, असे त्यामुळे धरून चालता येत नाही.

चांदी जंतूंना मारते, यात शंका नाही. कणांतून सुटणारे आयन जंतूंच्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात आणि त्यांचे आवरण फाडतात. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स, रूट कॅनाल फसल्यावर बऱ्याचदा सापडणारा एन्टेरोकॉकस फिकॅलिस आणि कवळीखाली वाढणारी कॅन्डिडा बुरशी या सगळ्यांवर प्रयोग झाले आहेत. कवळीचे ॲक्रिलिक, दात भरायचे ग्लास आयोनोमर सिमेंट आणि ब्रेसेस चिकटवायचे साहित्य यांत हे कण मिसळून पाहिले जातात. आम्हाला सर्वाधिक आशा इथेच वाटते, कारण कण साहित्यात अडकलेले राहतात आणि पोटात कमी जातात. पण दातांवरच्या थरात एकमेकांना धरून बसलेले जंतू सुट्या जंतूंपेक्षा कितीतरी चिवट असतात, तेव्हा प्रयोग थरावरच करा.

दंतवैद्य किडलेल्या दातावर लावतात ते ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड वेगळे. त्यात नॅनोकण नसून विरघळलेली चांदी आणि फ्लोराइड असते. त्याने कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. लहान मुलाची दाढ किडली असेल तर डॉक्टरांना याविषयी जरूर विचारा.

आता घरच्या ग्राहकांसाठी. हे द्रावण तोंडात घेण्याचे औषध म्हणून तपासलेले नाही. चांदी दीर्घकाळ पोटात जात राहिली तर त्वचा निळसर-करडी होते आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही. चांदीचे पाणी प्या सांगणाऱ्या जाहिराती पाहून कुणी असे करू नये, ही कळकळीची विनंती. मुळात कीड लागते ती साखरेवर जगणाऱ्या जंतूंच्या आम्लाने. आम्लता वाढून तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की दातातले खनिज विरघळू लागते. म्हणून फ्लोराइडच्या पेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः झोपण्यापूर्वी, दात घासा. मिश्री लावत असाल तर आजच सोडा. दाढ दुखत असेल तर आम्हाला फोन करण्याऐवजी दंतवैद्याकडे जा, कारण पोकळी पडल्यावर ती कोणत्याही चुळीने भरत नाही.

कॉलेजांना एक शेवटची सूचना. बाटली अंधारात, थंड जागी ठेवा. उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नका: हीच चांदी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या उपयुक्त जंतूंनाही मारते. बाटलीवर बॅच क्रमांक तसाच ठेवून झाकण घट्ट लावा. पुढचा माल द्यायला येणारा आमचा माणूस ती परत घेऊन येईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.