निर्वासित मुलांवरची किशोर कादंबरी संपादनाला पाठवताय? आधी तारखांचा कागद

संहितेसोबत तारखांचा वेगळा कागद कशाला, असं जवळजवळ प्रत्येक लेखक विचारतो. निर्वासित मूल आणि स्थानिक मूल यांच्या मैत्रीची गोष्ट असेल तर त्या कागदाशिवाय आम्ही वाचायला घेत नाही. ही अडवणूक नव्हे. एकच चूक फिरून फिरून येते आणि ती निस्तरायला अर्धी कादंबरी उसवावी लागते. मूल दुसऱ्या प्रकरणात नव्या देशात उतरतं आणि चौथ्यात मित्राशी घडाघडा भांडतं. मध्ये गेलेले असतात जेमतेम सहा आठवडे!

मैदानावरचं बोलणं अंगवळणी पडायला साधारण दोन वर्षं लागतात, धड्यातली भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात. सुरुवातीला पुष्कळ मुलं काही महिने गप्पच असतात, पण कान उघडे असतात. मैत्री जुळते ती याच दिवसांत, आणि नेमके हेच दिवस लेखक गाळतात.

तुटकं बोलणं दाखवायला शुद्धलेखन मोडू नका, त्याने मूल बावळट वाटतं. शब्द कमी करा, लिंग चुकवा. ‘चेंडू दिली. तू. काल.’ एवढं पुरे. तोच मुलगा रात्री बहिणीशी आपल्या भाषेत बोलेल तेव्हा मात्र त्याला लांब, खट्याळ वाक्यं द्या. तो मुळात किती बोलका आहे हे वाचकाला तिथे कळतं.

कागदावर मुलाची जन्मतारीख, घर सोडल्याचा, सीमा ओलांडल्याचा आणि शाळेचा पहिला दिवस लिहा, प्रत्येक प्रकरणापुढे महिना. सीमा ओलांडलीच नसेल तर ते मूल निर्वासित नव्हे, देशांतर्गत विस्थापित. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागायचा असेल तर आश्रयार्थी. ऐतिहासिक कथेत तर दिवससुद्धा तपासा. किंडरट्रान्सपोर्ट म्हणजे नाझी राजवटीतल्या, मुख्यतः ज्यू मुलांना ब्रिटनमध्ये नेणारी योजना. तिच्यातली पहिली मुलं इंग्लंडमधल्या हार्विच बंदरात २ डिसेंबर १९३८ रोजी उतरली. तुमचा नायक त्याच योजनेतून ऑक्टोबरातच पोचला असेल, किंवा त्या गोष्टीतला वकील १९५१ च्या निर्वासित कराराचा दाखला देत असेल, तर संहिता परत येणार.

कागद जमत नसेल तर आम्ही करून देतो. ते काम संपादनाच्या दरात धरलेलं नाही, वेगळं पडतं. स्वतः केलात तर पहिल्या तीन प्रकरणांसोबत पाठवा. पुढचं लिहून व्हायच्या आत चूक हाती लागते. फाइल युनिकोडमध्येच हवी.